मोकळ्या चौकटीला लागलेली बोटं

अगं रिबका, फोन जरा जवळ धर आणि आजीचं ऐक. नव्या घरी जाऊन महिना होत आला आणि अजून दाराला मेझुझा नाही? पडदे लावायला बरा वेळ मिळाला तुला.

पण काल फोनवर घर दाखवता दाखवता तू बाहेर पडलीस ना, तेव्हा तुझी बोटं मोकळ्या चौकटीला लागली आणि ओठांकडे गेली. तुला कळलंही नाही. तेव्हापासून मी आपल्या दाराकडे बघत बसलेय. बोटाएवढी ती मेझुझाची पेटी, आत गुंडाळलेली प्रार्थना. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची, तशा इतक्या वर्षांच्या हातांनी आजूबाजूचं लाकूड गुळगुळीत झालंय, दुपारचं ऊन त्यावरून घसरतं. तुझी बोटं पोचायची नाहीत म्हणून आजोबा तुला उचलून धरायचे. शेजारची कमलसुद्धा विरजण मागायला आली की हात लावते. म्हणते, "तुमच्या देवाला नको का विचारायला?"

तशी आपली साडी, भाकरी, बोली सगळी गावासारखीच. दारात आलं की हात वर जातो, तेवढ्यावरून कळायचं आपण बेने इस्राएल, ज्यू ते. शहरात तू तेवढंही विसरशील, अशी धास्ती होती मला. आणि ते तर तुझ्या बोटांत बसून पाचव्या मजल्यावर गेलंय.

तरी बोटांना टेकायला काही हवं गं. आजोबांनी तुझ्या घरासाठी एक पेटी कधीच आणून ठेवली होती. ती मी पोस्टाने पाठवायची नाही. येत्या सुट्टीत ये आणि घेऊन जा.