हॉलचा तिसरा पंखा

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर महापालिकेचा एक हॉल आहे. हॉल म्हणायचं म्हणून. चार भिंती, वर स्लॅब, कडेला एक मोरी आणि गज वाकलेल्या खिडक्या. पण बारसं असो, साखरपुडा असो, कोणी गेल्यावरचं गंधमुक्तीचं जेवण असो, पोलिओचे डोस असोत, सगळं तिथेच. किल्ली आमच्या घरी असायची. आमचं घर समोरच, शिवाय मी बालवाडीची बाई, सकाळी पोरं घेऊन तिथेच बसायचे. निवृत्त झाले तरी किल्ली काही कोणी मागायला आलं नाही, आणि मीही दिली नाही.

घरातलं माणूस गेलं की हॉलला काहीतरी द्यायचं, अशी आमच्या कॉलनीत पद्धत पडून गेली आहे. भिंतीवरचं घड्याळ कोणाच्या तरी सासऱ्यांच्या स्मरणार्थ आहे. मोठं पातेलं पलीकडच्या गल्लीतल्या माईंच्या स्मरणार्थ. खुर्च्यांच्या पाठीवर तर गेलेल्या माणसांची रांगच लागली आहे. नवीन माणसाला ते चमत्कारिक वाटतं, आम्हाला काही वाटत नाही. त्या पातेल्यात खिचडी शिजते, माईंची आठवण निघते, कोणीतरी म्हणतं, मीठ मात्र माई जास्त टाकायच्या, झालं.

दारापासून तिसरा पंखा आमच्या मुलाचा.

त्याला नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती. राहायचा धुळ्याला खोली करून, शनिवारी मोटारसायकलवर जळगावला घरी यायचा. याच हॉलमध्ये मे महिन्यात घाम पुसत अभ्यास केलेला पोरगा. पहिला पगार झाल्यावर वडिलांना म्हणाला, "आबा, हॉलला एक पंखा देऊ या. तिकडच्या कोपऱ्यात उकाड्याने बसवत नाही." पुढच्या शनिवारी तो निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे एका ट्रकने त्याला उडवलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेरावं झाल्यावर यांनी पंखा आणला. हे बस डेपोत मेकॅनिक होते, स्वतः शिडीवर चढून त्यांनी तो बसवला. पात्यांवर नाव लिहून घेतलं, लाल रंगात. एका पात्यावर मुलाचं नाव, दुसऱ्यावर यांचं, तिसऱ्यावर आडनाव. पेंटरने रिवाजाप्रमाणे विचारलं, मधल्या वाटीवर स्मरणार्थ लिहू ना? हे एवढे भडकले की तो बिचारा शिडीवरून पडता पडता वाचला. "स्मरणार्थ कसलं? त्याने दिलाय पंखा. मी नुसता आणला. सप्रेम भेट लिही." त्याने लिहिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला हे चपला घालून हॉलवर जायचे. आधी तिसऱ्या पंख्याचं बटण बंद करायचे, पाती थांबेपर्यंत उभे राहायचे, वर बघून नाव वाचायचे आणि मग परत लावून त्याच्याखाली बसायचे. उन्हाळ्यात अभ्यासाला बसलेली पोरं ओरडायची, "ओ काका, जीव जाईल ना, लावा पंखा!" हे हसायचे. तेवढंच काय ते हसणं. घरी आले की तोंडाला कुलूप. मुलाचं नाव त्यांनी घरात पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि मी उच्चारलं तर उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसायचे.

एकदा कॉलनीत नवीन राहायला आलेल्या बाईने वर बघून सहज विचारलं, "काका, हा पंखा देणारा मुलगा तुमचा ना? असतो कुठे?"

"नरडाण्याला," हे म्हणाले.

मी तिथेच होते, हातात झाडू. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीनेही त्या बाईला काही सांगितलं नाही, नंतरही नाही. मला त्या क्षणी यांची इतकी चीड आली की वाटलं हाताला धरून गदागदा हलवावं आणि ओरडावं, अहो, गेला तो, आपल्याच दारातून नेलाय त्याला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, राहू दे. एका माणसाच्या लेखी तरी तो नरडाण्याला आहे ना, राहू दे.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण गेल्या वर्षी हॉलच्या दारावर महापालिकेची नोटीस लागली. शहरातले असे हॉल आता संस्थांनी मिळून चालवायचे. निदान दोन नोंदणीकृत संस्था पुढे आल्या पाहिजेत. झाडलोट, विजेचं बिल, दुरुस्ती त्यांनी बघायची. कोणी आलं नाही तर हॉलला कुलूप लागणार आणि आत पथदिव्यांचं जुनं सामान ठेवणार. मी महापालिकेत गेले. साहेब भला माणूस होता, खुर्ची दिली, चहा मागवला. पण म्हणाला, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं सांभाळलात हे मान्य, पण एकट्या माणसाला देता येत नाही. दोन संस्था आणा, मी तुमच्याच बाजूने आहे."

बाजूने सगळेच होते! ज्येष्ठ नागरिकांच्या संघात गेले, तर तिथे अध्यक्ष आणि सचिव एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एक हो म्हणाला की दुसरा आपोआप नाही म्हणायचा. व्यायामशाळेच्या पोरांना हॉल हवा होता, पण झाडू नको होता. एका क्लासवाल्याने तर मला घरी बोलावून सरबत पाजलं. "काकू, मला भागीदार घ्या, सगळं नवं करून देतो. हे जुने पंखे काढून एसी लावू." मी म्हटलं, "आमच्या हॉलला एसीने सर्दी होते," आणि सरबत अर्धं ठेवून उठले. नोटिशीची मुदत संपत आली होती आणि हे रोज पाचला निघायचे तेव्हा मनात यायचं, कुलूप लागलं तर हा माणूस पाच वाजता जाईल कुठे?

शेवटी आमच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे गाद्या भरणाऱ्या मुसलमान पिंजाऱ्यांची घरं आहेत, आणि तिथल्या बायकांचा नोंदणी केलेला बचत गट आहे. गटाची प्रमुख माझ्या बालवाडीत शिकलेली. आता तिचीच मुलगी कॉलेजला आहे. तिला दुपारी शिलाईची मशीन मांडायला जागा हवी होती. घरात कापूस उडतो, सासऱ्यांना दम लागतो. ती म्हणाली, "बाई, आम्ही तयार आहोत. पण आमच्याबरोबर दुसरं कोण येईल?"

तिने विचारलं ते खरंच होतं. मी भजनी मंडळाच्या अक्कांकडे गेले. मंडळ नोंदणीचं, शिस्तीचं. अक्का धुळ्याकडच्या, सून झाल्या तेव्हापासून जळगावात, पण बोलणं अजून पक्कं अहिराणी. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"दुपारले त्या शिवतीन, सांजले आम्ही भजन म्हनसूत. भांडन कसानं शे त्यामा?" अक्का म्हणाल्या. मग वात खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "आनि पाच वाजता तुन्हा घरना मानूस बसस, त्यानं काय?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी अजून तो विषय काढलाच नव्हता.

दोघींना आमच्या घरी समोरासमोर बसवलं. मी शेवभाजी केली होती, अक्कांना तिखट लागली आणि त्यावरून दोघी मला हसल्या, तिथेच जमलं म्हणायचं. दुपार गटाची, सातनंतर मंडळाची, सकाळ अभ्यासाच्या पोरांची. पाच ते सात दार सगळ्यांना उघडं. मी एकच अट घातली, तिसरा पंखा आहे तिथेच आणि आहे तसाच राहील. "त्या पंखाले कोन हात लावस, मी देखस ना!" अक्कांनी दम भरला. गटाची प्रमुख तर म्हणाली, "बाई, तो पंखा आमचाच आहे." साहेबांनी सही केली. त्या दिवशी मी घरी येऊन यांना सांगितलं, "हॉल राहिला हो आपला." हे म्हणाले, "बरं झालं," आणि वर्तमानपत्र उलटलं. त्यांच्यासाठी किती उंबरठे झिजवले ते मी बोलले नाही. सांगून तरी काय, त्यांना ते माहीत होतंच.

नव्याने उघडायचा दिवस ठरला. मला त्याआधी ताप आला, म्हणून मी घरीच पडून होते. समोरून रंगाचा वास यायचा, बायकांचा दंगा ऐकू यायचा. रंग चालू होता तोवर अभ्यासाची पोरं काय आणि हे काय, कोणालाच आत सोडत नव्हते. मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी कोणीतरी माझ्या वाटचं काम करत होतं.

त्या दिवशी दुपारी मी अंगात स्वेटर घालून गेले. हॉल ओळखू येईना! भिंती पिवळ्या, गज काळेभोर, दाराला झेंडूचं तोरण. अक्का मला धरून आत घेऊन गेल्या आणि वर बोट दाखवलं. "देख, कसा चमकी ऱ्हायना तुन्हा पोरना पंखा!"

पंखा होता तिथेच होता. पांढराशुभ्र. तिन्ही पाती कोरी.

"हे कोणी केलं?" माझा आवाज असा चढला की मशीनवरच्या बायका थांबल्या. गटाची प्रमुख पुढे आली. पेंटर फैजपूरहून आणलेला, तिच्या नात्यातला. तिने त्याला बजावून सांगितलं होतं, बाकी पंख्यांवर नुसता फडका मार, पण तिसरा पंखा खास आहे, त्याला चांगले दोन हात दे. त्याने दिले. नाव पुसलं गेलं हे तिच्याही आता लक्षात येत होतं, माझा चेहरा बघून. "बाई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." एवढं म्हणून ती रडायलाच लागली. अक्का मटकन खुर्चीवर बसल्या. "व माय," एवढंच म्हणाल्या. मी कोणाला काय बोलणार? लाडाने केलं होतं त्यांनी. कोणी वाईटपणाने केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती, माझी जीभ काही कमी नाही.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत लिहून घ्या. पेंटर शिडी लावेपर्यंत दारात चपलांचा आवाज आला. पाच वाजले होते.

हे आत आले. नेहमीसारखा बटणाकडे हात नेला, ते आधीच बंद होतं. हे वर बघत राहिले. अभ्यासाला पोरंही आली होती. त्या उकाड्यात एकही जण म्हणाला नाही की काका, पंखा लावा.

पेंटरला काही ठाऊक नव्हतं. तो लाल रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला आणि मोकळेपणाने म्हणाला, "आबा, चूक झाली बरं का. सांगा नाव, असं टाकतो की आधीच्यापेक्षा देखणं."

यांनीच सांगितलं. पहिलं मुलाचं नाव सांगितलं, मोठ्याने, स्पष्ट. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि मी जवळच्या खिडकीचा गज धरला. ओला रंग हाताला लागला. मग स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव. पेंटरने सावकाश लिहिलं.

"आणि मधे वाटीवर? सप्रेम भेट का स्मरणार्थ?"

मी यांच्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं आता शिडी उलथवतील, पेंटरची कॉलर धरतील. मला तेच हवं होतं, आज मला कळतं. भांडा हो, म्हणा की त्याने दिलाय पंखा.

"स्मरणार्थ," हे म्हणाले. "आणि नावाच्या आधी कै. टाक."

मी त्या बायकांच्या देखत ओक्साबोक्शी रडले. मीच तर इतकी वर्षं मनात म्हणत होते की हा माणूस मान्य करत नाही, मीच एकटी सोसते आहे. आणि त्यांनी मान्य केलं तेव्हा मला पोरगा पुन्हा गेल्यासारखं झालं. नरडाण्याला कोणीच उरलं नाही.

साहेब आले, फीत कापली, अक्कांनी भजन म्हटलं, गटाच्या बायकांनी सगळ्यांना शिरखुर्मा दिला. कार्यक्रम चांगला झाला. हॉल अजून चांगला चालतो. भांडणं होतात, मिटतात.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी हे खाटेवरून उठले नाहीत. मी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी म्हटलं, "अहो, हॉलवर नाही जायचं?"

"तिथे आता कोण आहे?" हे म्हणाले, आणि कूस वळवली.

मग मीच चपला घातल्या आणि गेले. तिसऱ्या पंख्याचं बटण बंद केलं आणि पाती थांबायची वाट बघत उभी राहिले.