शेबाई

ती कुठलेही वाक्य 'शे'वर संपवायची. भूक लागली की 'भूक शे', ऊन लागले की 'ऊन शे', आणि न्हाणीघरातल्या बादलीत पाल पडली तेव्हा घरभर ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी शांतपणे, 'पाल शे'. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने हा एकच शब्द उचलला आणि त्याच्या जोरावर पहिला महिना काढला. कॉलनीतल्या बायकांनी तिचे बारसे करून टाकले: शेबाई.

बारसे करणे भागच होते. तिचे खरे नाव केर्टू. ते ऐकून आई म्हणाली, "पोरनं नाव केर? मी नही म्हननार तिले तसं." देशाचे नाव एस्टोनिया. ते सांगितले की आमच्या शहाद्यात लोकांना एसटीच आठवे. शेजारच्या काकूंनी तर मला गंभीरपणे विचारले होते, "तठे आपली एसटी जास का व?" वडील तेव्हा एका क्लबचे सभासद होते. त्या क्लबच्या योजनेतून परदेशातली मुले वर्षभर शिकायला येत आणि इथल्या घरांत राहत. वडिलांनी हौसेने आमच्या घराचे नाव दिले, कारण त्यांना वाटले की सतरा वर्षांची गोरी मुलगी घरात राहिली की त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीचे इंग्रजी फाडफाड होईल. ती मुलगी मी.

माझी स्वप्ने वडिलांच्या स्वप्नांपेक्षा मोठी होती. मी पाचवीपासून आईला 'मम्मी' म्हणत होते. तिच्या अहिराणीला मी टीव्हीवरच्या मराठीत उत्तरे देत असे. शाळेतल्या एका बाईंनी भर वर्गात 'शे नव्हे, आहे' असे मला तीनदा म्हणायला लावले होते, तेव्हापासून ती भाषा मी जिभेवरून खरवडून काढली होती. आईने शाळेत पालकसभेला येऊ नये म्हणून मी तिला तारीखच सांगत नसे. अशा घरात शेबाई आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. माझ्या खोलीत तिच्यासाठी नवी खुर्ची आणली होती, तिच्यावर माझे कपडे पडू लागले.

पहिले दोन महिने तिला जड गेले, हे मला दिसत होते. रस्त्याने निघाली की पोरे मागे लागत, बाया केसांना हात लावून बघत, स्टँडवर लोक फोटो काढत. तिच्या गावी, ती सांगे, शेजारी शेजाऱ्याशी आठवड्यातून एकदा बोलतो आणि तेही जास्त झाले असे दोघांना वाटते. इथे कॉलेजातून घरी येईपर्यंत तिला वीस जण 'जेवनी का?' विचारत. ती प्रत्येकाला थांबून खरे उत्तर देई. 'नही, आते जासू.' शेवभाजी खाताना नाक लाल होई, डोळ्यांतून पाणी येई, ती 'तिखट शे' म्हणे आणि ताट पुढे करून आणखी मागे.

ऑक्टोबरमध्ये तिच्या घरून पहिल्या बर्फाचा फोटो आला. ती गच्चीवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून इंग्रजीत दोन सांत्वनाची वाक्ये जुळवत होते, व्याकरण तपासत होते. तेवढ्यात आई तेलाची वाटी घेऊन माझ्या शेजारून वर गेली, तिच्या मागे बसली आणि तिच्या केसांना तेल लावू लागली. अर्धा तास दोघींपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. मी तशीच खाली आले. माझी वाक्ये बरोबर होती, पण ती कोणाला नको होती.

त्यानंतर ती आईची झाली. 'माय' म्हणू लागली. भाकरी थापायला शिकली, म्हणजे तसे तिला वाटे. तिची पहिली भाकरी बघून आई म्हणाली, "हाई भाकर शे का तुन्हा देशना नकाशा?" शेबाईने भाकरी उचलून नीट निरखली आणि म्हणाली, "नही माय. मन्हा देश लहान शे." आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होते. आई अशी हसू शकते हे मला माहीत नव्हते आणि ते मला एका परक्या मुलीकडून कळावे, याचा मला राग आला.

तिची एक सवय मात्र आमच्या घराला झेपणारी नव्हती. आई आम्हा सगळ्यांना वाढून शेवटी एकटी जेवे. शेबाईने दुसऱ्या महिन्यात एके दिवशी विचारले, "काबरं?" "तुम्ही खाई ल्या, मी मंग बठसू," आई म्हणाली. शेबाईने ताटावरून हात मागे घेतला. "तू बठ. मंग मी खासू." आईला वाटले गंमत आहे. पण भाकरी गार झाली, भाजी गार झाली, तरी ती पोर मांडी घालून तशीच बसून राहिली. शेवटी आई ओशाळून आमच्याबरोबर जेवायला बसली आणि मग रोजच बसू लागली. सतरा वर्षांत ही गोष्ट मला खटकली नव्हती. आता खटकली ती वेगळ्या कारणाने. ज्याचे श्रेय मला मिळायला हवे होते ते तिने घेतले, असे मला वाटले.

डिसेंबरात कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. प्राचार्यांनी सांगितले की परदेशी पाहुणीने दोन वाक्ये मराठीत बोलावीत. ते शिकवायचे काम माझ्याकडे आले. मी तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतले: 'माझे नाव केर्टू आहे. मला शहादा फार आवडते.' ती स्टेजवर गेली, समोर बघितले, हसली आणि म्हणाली, "मन्हं नाव शेबाई शे. मन्ही माय तठे बठेल शे." सगळ्या माना वळल्या. तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, आई बसली होती. तिला तारीख शेबाईने सांगितली होती. टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा नुसता धिंगाणा. माझ्या शेजारची मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "तुझी मम्मी अहिराणी बोलते? तू तर सांगायचीस की त्या मूळच्या नाशिकच्या."

मी हे असे सगळे सांगते आहे ते पुढची गोष्ट थोडी हलकी व्हावी म्हणून, हे वाचणाऱ्याला कळेलच. ती हलकी होत नाही.

जानेवारीत क्लबकडून एक फॉर्म आला. अशा मुलांनी अर्ध्या वर्षानंतर दुसऱ्या घरी जायचे अशी पद्धत होती, पण घराची आणि मुलीची इच्छा असेल तर त्याच घरी राहता येई. मुलीने तिच्या फॉर्मवर 'राहायचे आहे' असे लिहून दिलेच होते. आमचा फॉर्म इंग्रजीत होता आणि आमच्या घरातले इंग्रजी म्हणजे मी. वडील पपईच्या तोडणीत अडकले होते. आई सातवी शिकलेली. तिने कागद हातात घेऊन विचारले, "काय लिखेल शे?"

"शेबाईला आपल्याकडेच ठेवायचं का, असं विचारलंय," मी म्हणाले. हे खरे होते.

"ठेवानं म्हनीसन लिख. त्यामा इच्यारानं काय शे?" आई म्हणाली. हात पुसून तिने, जिभेचे टोक दातांत धरून, एकेक अक्षर काढत सही केली. सही झाल्यावर तिने ती लांब धरून बघितली. मी कागद खोलीत नेला, 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि कारण लिहिले: आईची तब्येत ठीक नसते. इंग्रजी वाक्यात एकही चूक नव्हती.

क्लबच्या सरांनी शेबाईला कारण सांगितले आणि नाशिकचे नवे घरही. ती घरी आली तेव्हा आई गच्चीवर धान्य वाळत घालत होती, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन जिना चढत होती. शेबाई तिच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या खोलीत आली. "माय आजारी शे?" तिने विचारले. मी म्हणाले, "आमच्याकडे बायका आजार बोलून दाखवत नाहीत. तू विचारू नकोस, तिला वाईट वाटेल." तिने मान हलवली. दुसऱ्याच्या मनातले उकरून काढायचे नाही, हे तिच्या देशातले वळणच होते. मी ते ओळखून वापरले. आणि आई-वडिलांना मी सांगितले की शेबाईनेच मागून घेतले, तिला नाशिकला जायचे आहे, तिथे मॉल आहेत, तिच्यासारखी मुले आहेत.

"जाऊ दे," आई म्हणाली. "तिले आठे काय करमी? आठे शे काय?"

जायच्या दिवशी आईने ज्वारीच्या बिबड्या, लाल तिखट आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ बांधून दिले, पण ते माझ्या हातात दिले. शेबाई पाया पडायला वाकली तेव्हा आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'उशीर व्हई' म्हणून आत निघून गेली. वडिलांची गाडी फाटकाशी उभी होती. शेबाई ओट्यावर उभी राहून दाराकडे बघत राहिली. आई बाहेर आली नाही. गाडीत ती रडत होती, आवाज न करता. दोंडाईचा मागे पडल्यावर तिने मला विचारले, "मन्हं काय चुकनं?" मी काच खाली करून बाहेरची केळी बघत राहिले.

त्या दिवसापासून आई पुन्हा शेवटी जेवू लागली. 'तू बठ' एवढे दोन शब्द म्हणायला मला कोणी अडवले नव्हते. मी ते म्हणाले नाही.

नाशिकहून तिचे दोन फोन आले. आई "बरं शे, जेवनी का?" एवढेच बोलली आणि फोन मला दिला. मग ती तिच्या देशी गेली. आम्ही वाढदिवसाला एकमेकींना निरोप पाठवत राहिलो. मी इंग्रजीत लिही, ती इंग्रजी अक्षरांत अहिराणी. दरवर्षी शेवटी एकच प्रश्न असे, माय कशी शे? मी लिही, बरी आहे. मी पुण्यात नोकरीला लागले, लग्न झाले. आणि गंमत बघा, आता आमच्या ऑफिसात अहिराणी गाणी वाजवतात आणि मी खानदेशची म्हणून मला कौतुकाने दोन वाक्ये बोलायला लावतात. मी बोलतेही.

या दिवाळीत मी शहाद्याला होते. शेबाईचा निरोप आला. नवरा आणि मुलीला घेऊन ती जानेवारीत भारतात येणार होती. तिने लिहिले होते, 'मायले चाली का? ती मन्हावर नाराज त नही?' बारा वर्षे झाली होती. जे घर तिला आपले वाटले होते, त्या घरी यायला ती परवानगी मागत होती. मी आईसमोर बसले. ती मेथी निवडत होती. मी सगळे सांगितले, फॉर्म, खूण, कारण, नाशिकचे मॉल, सगळे.

आईचे हात थांबले. ती रडली नाही, ओरडली नाही. हातातली काडी खाली ठेवून म्हणाली, "इतला साल तू मले तिन्हा राग करू दिधा. ती पोर मन्हा घरमातून रडत गयी, आन् मी वट्टावर बी उनू नही."

मी म्हणाले, "मी तिला सांगते खरं. आज सांगते."

"तिले फोन लाव," आई म्हणाली.

मी लावला. पलीकडे शेबाईचा आवाज आला, वयाने थोडा जड झालेला. आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "बेटा," ती म्हणाली, "तवय मन्ही तब्येत खरंच बरी नव्हती. म्हनीसन मीच नही म्हनेल व्हतं. मी तुले काही बोलनू नही, ती मन्ही चूक. तुन्हं काही चुकनं नव्हतं. तू ये. पोरले लई ये."

मी फोनसाठी हात पुढे केला. तिने तळहाताने फोन झाकला आणि हळू आवाजात मला म्हणाली, "मी आज शे, सकाय नही. तुम्हले दोन्ही बहिनीसले पुढे राहनं शे. तिन्हा राग व्हई त मन्हावर राहू दे." मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि पुन्हा मेथी पुढ्यात ओढली.

खरे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. आईच्या भाषेतही ते मला येत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती. शेबाईने विचारले, "मायनी तब्येत आते बरी शे ना?"

"हो," मी म्हणाले. "आता बरी आहे."