उघाडीजवळचा चिखल

बालवाडीची नोकरी लागली तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते आणि पेणला वडिलांच्या घरी राहत होते. सकाळची एसटी पकडून वडखळला उतरायचं, तिथून खाडीकडच्या गावापर्यंत चालत जायचं. गाव लहान. पावसाळ्यात भात, पावसाळा सरला की मिठागर, असं त्यांचं वर्ष. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाभोवती मातीचा उंच बांध होता आणि त्या बांधावरूनच माझी वाट जायची.

बालवाडीसाठी सोसायटीच्या खताच्या गोदामाचा अर्धा भाग दिलेला होता. मध्ये गोणपाटाचा पडदा, पडद्यापलीकडे युरियाच्या गोण्या. खिडकी एकच, तीही छपराला टेकलेली. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे. पहिल्याच आठवड्यात एक पोरगं दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून बसलं आणि काही केल्या आत येईना. ते रडायला लागलं, मग त्याचं बघून सगळीच रडायला लागली. मी त्यांना बाहेर नेलं ते रडं थांबवायला. त्यामागे माझा कुठलाही विचार नव्हता. लहान मुलांना निसर्गात शिकवावं वगैरे मी पुढे कितीतरी वर्षांनी एका शिबिरात ऐकलं.

बांधाच्या आतल्या अंगाला भेंडीचं एक जुनं झाड होतं, भाजीच्या भेंडीचं नाही, खाडीकाठी वाढणाऱ्या मोठ्या भेंडीचं. त्याची सावली दाट, खाली पिवळ्या फुलांचा सडा. तिथं आम्ही बसू लागलो. अंक शिकवायला शिंपल्या होत्या. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत, सगळं पोरं हातात घेऊन शिकत. ओल्या मातीची भांडी करत, चुली मांडत, त्यात वाळूचा भात शिजवत. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ कुठलं आणि उंदराचं कुठलं यावरून त्यांची भांडणं लागत. बांधावर रांगेनं बसून आम्ही समोरचा चिखल बघायचो. ओहोटीला तिथं निवट्या यायच्या. बोटाएवढे मासे, चिखलावर उड्या मारत चालणारे. एकदा पेणहून तपासणीला बाई आल्या. सगळं बघून म्हणाल्या, "ही शाळा आहे का खेळ?" मी त्यांना गोदामाचं दार उघडून दिलं. त्यांनी गोदामात डोकावून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि पुन्हा विचारलं नाही.

माझा नियम एकच होता. बांधाच्या पलीकडे उतरायचं नाही आणि उघाडीकडे तर मुळीच जायचं नाही. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारं. ओहोटीला त्यातून शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला ती बंद होतात. तिच्यासमोर पाण्याच्या धारेनं खोल खळगा झालेला असतो आणि भोवती लोण्यासारखा मऊ चिखल. हा नियम मी रोज म्हणवून घ्यायचे, पाढ्यासारखा.

त्या पोरांत पाच वर्षांची एक मुलगी होती. बारीक, काळीसावळी, केसांत सदा भेंडीचं एखादं फूल. तिचा बाप काविळीनं गेलेला. आई मिठागरात डोक्यावरून टोपल्या वाहायची. तीन वर्षांचा भाऊ हिच्या कडेवर असायचा. खरं तर तो तिला पेलायचा नाही, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे, पण ती कुणाला द्यायची नाही. मी काही सांगितलं की आधी ती त्याला समजावून सांगायची, मग स्वतः करायची. एकदा मी सगळ्यांना विचारलं, "खाडीचं पाणी जातं कुठं?" कुणी म्हणालं मुंबईला, कुणी म्हणालं देवाकडे. ती म्हणाली, "जात नाय बाई. वाईच मागं सरतं. आपलं झालं का परत येतं."

शिमग्याला बालवाडी बंद होती. धुळवड झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मिठागरं पुन्हा सुरू झाली, बालवाडी मात्र अजून सुट्टीवर. आई कामावर गेली. ही दोघं घरी. पौर्णिमेच्या पुढचे दिवस, म्हणजे उधाणाचे. पाणी मागं सरतं तेही खूप लांब आणि परत येतं तेही भरभरून.

संध्याकाळी गावातला एक माणूस सायकलवरून पेणला आमच्या दारात आला. घाम पुसत म्हणाला, "बाई, चला." कुणाचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. मी तशीच निघाले.

मी पोचले तेव्हा तिला घरी आणलेलं होतं. दुपारची भरती उतरल्यावर खाडीतल्या तिवरांच्या झुडपांच्या मुळ्यांत सापडली होती. भाऊ त्याआधीच सापडला होता, उघाडीच्या वर बांधावर बसलेला, कंबरेपर्यंत चिखलानं माखलेला. रडत नव्हता. त्याला उचलून घेतलेल्या बाईनं विचारलं, "ताय कुठं हाय रे?" त्या दिवसापासून त्यानं बोलणंच सोडलं. काय झालं ते पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिची आई ओट्यावर बसली होती. पायाला अजून मीठ होतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन-चार दिवसांनी देवळासमोर गाव बसला आणि मला बोलावणं आलं. मी सांगितलं, "मी पोरांना उघाडीकडे कधीच नेलं नाही. रोज सांगत होते, जायचं नाही म्हणून."

गावातले एक म्हातारे, ज्यांचा शब्द मानला जायचा, ते शांतपणे म्हणाले, "नेलं नाय, खरं. पन चिखलाचं भय घालवलंस, पोरी. आमची पोरं खाडीला भ्यायची. तू त्यांना निवट्या दाखवल्यास."

"भ्यायची म्हणून काय आधी कुणी बुडलं नव्हतं?" एक बाई मागून म्हणाली. तिला तिच्या नवऱ्यानं गप्प केलं.

म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आजही मी स्वतःला विचारते. मी शिकवलं नसतं तर ती तिथं गेली नसती का? मिठागरावरच्या आईला शोधत गेली असेल. भावाला निवट्या दाखवायला गेली असेल. मला माहीत नाही.

गावानं ठरवलं की बालवाडी गोदामातच भरेल आणि दाराला बाहेरून कडी राहील. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर तसंच झालं. पाऊस सुरू झाला तसा खताचा वास आणखी चढला. भिंतींना ओल आली. मी पोरांना तक्त्यावरची चित्रं दाखवायचे, हा मासा, हे झाड, ही नदी. दोन महिन्यांत दोघांना श्वासाचा त्रास सुरू झाला, एकाच्या अंगावर चट्टे उठले. पोरं भांडेनाशी झाली, हे मला सगळ्यांत वाईट वाटायचं. नुसती बसून राहायची, घरी न्यायला येणाऱ्यांच्या पायांचा आवाज ऐकत. तिचा भाऊही बसायचा. त्याची आई त्याला आणून सोडायची आणि लगेच वळून जायची.

नवरात्र सरलं. एका सकाळी ती त्याला सोडून गेली नाही. दारात उभी राहिली.

"बाई, ह्याला कोंडू नका."

मी म्हटलं, "गाव नको म्हणतो."

"गावाचं मी बघते. पोर माझी गेली, गावाची नाय." मग जरा थांबून म्हणाली, "ह्याला पानी दाखवा. भरती कशी येते ती दाखवा. हा बोलत नाय, निजेत हातपाय मारतो. आयुष्यभर खाडीच्या कडेला राहायचंय ह्याला. असा कसा राहील?"

तिनं गावाशी काय बोलणं केलं ते मला कळलं नाही. बाकीच्यांनी आपली पोरं बांधावर पाठवायला नकार दिला आणि घरीच ठेवली. चार पोरांच्या आयांनी तेवढी पाठवली. त्यांत देवळासमोर बोललेली ती बाई होती. मी त्या पाच जणांना घेऊन पुन्हा बांधावर बसू लागले. या वेळी निवट्या, चिंबोऱ्या सगळं मागं ठेवलं आणि फक्त पाणी शिकवलं. बांधाला लागून खाडीच्या बाजूला, जिथं जमीन घट्ट होती, तिथं कारवीच्या काठ्या एकीखाली एक रोवायच्या आणि पाणी एकेक काठी गिळत वर येताना बघायचं. पाणी खालून दुसऱ्या काठीला लागलं की सगळ्यांनी उठून बांधावर यायचं. खेळच होता, पण मी तो हसत खेळवला नाही. एखादं पोर रेंगाळलं तर मी त्याला हाताला धरून ओढून वर आणायचे.

भाऊ खाडीकडे पाठ करून बसायचा. सगळा वेळ. कितीतरी दिवस.

एका सकाळी एका मुलीनं आपली काठी जरा पुढच्या, मऊ जागी रोवली आणि ती निघेना. दुसरी पोरं ओढायला लागली. काठी हलायची, पण सुटायची नाही आणि पोरांना हसू आवरेना. मी त्यांना मागं बोलवत होते तेवढ्यात तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काठीकडे बघत होता.

"ताय पन निगत नव्हती," तो म्हणाला.

मी खाली बसले. विचारलं, "मग?"

"मना वर ढकलला. बोलली, जा. मागं बघू नको."

"तू बघितलंस?"

त्यानं मान हलवली. हो का नाही ते मला कळलं नाही. मी त्याला जवळ घेतलं आणि बाकीच्यांना हाका मारत राहिले, कारण पाणी दुसऱ्या काठीला लागलं होतं.

दुपारी मी मिठागरावर गेले. नव्या हंगामासाठी बायका आगरातली माती पायांनी तुडवून घट्ट करत होत्या. तिला बाजूला बोलावलं आणि त्यानं सांगितलं ते तसंच्या तसं सांगितलं. ती गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. तिनं एक पाय सावकाश वर उपसला.

"म्हंजे पाय रुतला," ती म्हणाली. "पानी येताना दिसलं आसंल तिला."

"दिसलं असणार. म्हणूनच ह्याला वर पाठवलं."

"रुतलं तर उभं राहायचं नाय, बाई. जेवढं उभं राहून झटाल, तेवढं आत जाल. आडवं व्हायचं. पोटावर पडायचं न् सरपटायचं. आमाला आजीनं लहानपणीच शिकवलं व्हतं." तिचा आवाज फुटला. "मी तिला कधी सांगितलं नाय. सकाळी कामावर जायचं, सांजचं यायचं. मना वाटायचं, खाडीवरची पोर हाय, ठाव आसंल."

मलाही ते ठाऊक नव्हतं. मी पेणची.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून बालवाडीवर आली. ओहोटी होती. बांधाच्या पायथ्याशी मऊ चिखल बघून ती त्यात उतरली, मांडीपर्यंत मुद्दाम रुतली आणि पोरांना म्हणाली, "बघा रे." मग ती पुढे झुकली, पोटावर पडली, दोन्ही हात लांब पसरले आणि सावकाश, एकेक पाय सोडवत, सरपटत बाहेर आली. तोंडाला, केसांना चिखल. पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. मग एकेका पोराला घेऊन उतरली. पोरं आधी घाबरली, मग त्यांना मजा वाटायला लागली. ती हसली नाही. प्रत्येकाला येईपर्यंत तिनं सोडलं नाही. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पन, बाई." मी चपला काढल्या आणि साडीसकट उतरले. चिखल थंड होता. पाय वर ओढला की तो खालून धरायचा, एखाद्या माणसानं घोटा धरावा तसा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ती पोर तिथं कशी उभी राहिली असेल.

बांधावरून गावातली काही माणसं बघत होती. म्हातारेही होते. त्यानंतर आठवड्याभरात आणखी पोरं बाहेर यायला लागली.

तिचा मुलगा मात्र चिखलात उतरला नाही. आईनं बोलावलं, मी बोलावलं. तो भेंडीच्या खोडाला धरून उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात ती मुलाला घेऊन गाव सोडून गेली. रोह्याजवळ वरसे गावात तिचा भाऊ होता, तिथल्या कंपनीत त्यानं तिला झाडलोटीचं काम लावून दिलं. दोन वर्षांनी माझंही लग्न होऊन मी रोह्यालाच आले. तिथं पुन्हा बालवाडी धरली. पोरांना बाहेर नेत राहिले, नदीवर, शेतात, पण बांधावर बसून शिकवताना जशी मोकळी होते तशी पुन्हा झाले नाही. माझी नजर सतत पोरं मोजत असायची.

बऱ्याच वर्षांनी ती मला रोह्याच्या बाजारात भेटली. केस पांढरे झाले होते. आम्ही भाजीवालीच्या बाजूला जरा उभ्या राहिलो. मुलाचं विचारलं तर म्हणाली, सातवीतून शाळा सोडली, आता खांब गावाला हायवेवर टायर पंक्चरच्या दुकानात असतो, तिथंच झोपतो.

"नदीच्या अंगाला कधी गेला नाय तो," ती म्हणाली. "पाऊस मोठा लागला की दुकानातून भायेर पडत नाय. पन तिथं बरं हाय, बाई. पानी नाय. निसता रस्ता."

पुढं एकदा एसटीनं पेणला जाताना खांबला गाडी थांबली. दुकानासमोर एक तरुण ट्रकचं चाक रस्त्याच्या कडेनं ढकलत आणत होता. तोच असावा असं मला वाटलं. खिडकीतून हाक मारावी असं मनात आलं, पण मागून एका टँकरनं जोरात हॉर्न दिला आणि तो चाकासकट आणखी कडेला सरकला. आमची गाडी सुटली.