सायकल क्लब आणि माझी लेडीज सायकल

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास यवतमाळात हौशी सायकलस्वारांचा क्लब निघाला. अध्यक्ष झाले एक वकीलसाहेब. त्यांना सायकल येत नव्हती, भाषण मात्र येत होतं. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर बैठक भरे. चिवडा खाऊन व्यायामाच्या महत्त्वावर ठराव होई आणि सभासद सायकली हातात धरून पायीच घरी जात, कारण पोटं जड झालेली असत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. थोरल्या भावानं नागपूरहून आणून दिलेल्या लेडीज सायकलवर रोज शाळेत जायची. सुरुवातीला लोक दुकानाबाहेर येऊन बघत, मग कंटाळले. क्लबचं कळलं तशी मी वकीलसाहेबांकडे गेले आणि मलाही सभासद करून घ्या म्हणाले.

ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "बाई, क्लबच्या घटनेत बायांचा उल्लेखच नाही."

"मनाई आहे काय?"

"मनाईचाही नाही. कोनाच्या डोक्यातच आलं नाही ना!"

मग बरेच रविवार चिवड्यासोबत माझा विषय चघळला गेला. एकाचं म्हणणं, बाईंचं पातळ चेनमध्ये अडकलं तर क्लबची बदनामी होईल. दुसऱ्याचं म्हणणं, बाई पुढं असल्या तर मागच्याचं रस्त्याकडं ध्यान राहणार नाही. म्हणजे ध्यान त्यांचं सुटणार आणि सायकल मी सोडायची! शेवटी ठरलं की बाभुळगावपर्यंतच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी मी मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्यावं आणि चहाकडे बघावं.

"चहा घरी करतोच आपन," मी म्हटलं. "त्याच्यासाठी क्लबात कायले येऊ?"

बाभुळगावला माझे मामा राहत. शर्यतीच्या दिवशी मला नेमकी त्यांची आठवण झाली. रस्ता काही क्लबच्या मालकीचा नव्हता. वकीलसाहेबांनी झेंडी हलवली, सगळे सुटले. त्यांच्या मागून मीही निघाले. मी दिसताच वकीलसाहेबांचा हात झेंडीसकट वरच राहिला.

दिवस कापसाचे होते. बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता. वीर घंट्या वाजवत होते आणि बैल काही ऐकत नव्हते. आखाड्यातला एक पहिलवान निघताना लोटाभर दूध पिऊन आला होता. ते त्यानं पहिल्याच चढावर परत केलं. बाकीच्यांच्या ट्यूबा बाभळीच्या काट्यांनी पंक्चर केल्या. एका निंबाखाली अर्धा क्लब पंप कोणी आणायचा होता यावर भांडत होता. मी जवळून गेले तेव्हा भांडण थांबलं.

"बाई, कुठं चालल्या?" एकानं विचारलं.

"मामाकडं."

पुढं स्वतः वकीलसाहेब भेटले. मघाशी मला मागे टाकून गेलेली त्यांची मोटार तापून रस्त्याच्या कडेला वाफ सोडत होती. त्यांनी मला पाहिलं आणि घाईघाईनं इंजिनात डोकं खुपसलं.

बाभुळगावच्या वेशीवर स्वागताला माणसं आणि बँड उभा होता. सायकलवर जो पहिला येईल त्याच्या गळ्यात हार घाला, एवढंच त्यांना सांगून ठेवलं होतं. सायकल दिसली तसा बँड वाजला. मी जवळ आले तसा थोडा अडखळला, पण पैसे आधी मिळाले असावेत, पुन्हा जोरात वाजला. एका म्हाताऱ्या पाटलांनी हार घातला. "पोरीची जातच आली पहिली. आता काय करता!"

तासाभरानं वकीलसाहेब पोचले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, हार तेवढा देता का? तुमी शर्यतीत नव्हत्याच ना."

"शर्यतीतलं कोन आलं ते तर सांगा."

तेवढ्यात सरकीच्या गाडीवर सायकल टाकून एक सभासद आला. वेशीजवळ उतरला, सायकल खाली घेतली, चार पायडल मारली आणि पहिला आला. मी हार त्याच्या गळ्यात घातला. बिचारा लाजलासुद्धा नाही.

मी मात्र मामांकडे पोचेपर्यंत रडत होते. मामी म्हणाल्या, "काहून रडतं? जिंकली ना तू?" त्यांनी पुरण वाटायला घेतलं तेव्हा कुठे मला हसू आलं.

पुढं शाळेतल्या मुली मैदानावर माझ्या सायकलवर शिकू लागल्या. क्लबात कॅरम आला आणि सायकली मागच्या भिंतीला लागल्या. साठनंतर कधीतरी क्लबचा मोठा समारंभ झाला. कुणी मोठे पाहुणे येणार होते म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. वकीलसाहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, "या जिल्ह्यातल्या भगिनींना सायकलवर बसवलं ते आपल्या क्लबनं!"

टाळ्या कडाडल्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती मोठ्या मनाचे आहेत हो!"