मनूकाकांकडे, लिचीच्या दिवसांत

मनूकाका घराचा पत्ता झाडांवरून सांगत. "बाजार संपला की मोठा जारूल लागेल, तिथून डावीकडे. पुढे दोन कृष्णचूडा सोडायचे, तिसऱ्यापाशी आमचं फाटक." जारूल म्हणजे आपला ताम्हण आणि कृष्णचूडा म्हणजे गुलमोहर, हे मी बँकेच्या बदलीने कोलकात्यात आले त्या पहिल्याच दिवशी शिकले, तेही वैतागलेल्या टॅक्सीवाल्याकडून. पुढे एका वादळात त्यातली बरीच झाडं उन्मळून पडली. काकांचा पत्ता मात्र बदलला नाही. "जारूल होता ना, तिथून डावीकडे," एवढाच काय तो फरक.

बालीगंजमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन वर्षं भाड्याने राहिलो. काका तिथेच जन्मलेले आणि तिथल्याच एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मराठी अगदी स्वच्छ, पण बंगाली वळणाने "चहा खाणार का?" असं विचारायचे. शैलाकाकू साताऱ्याच्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चहा पितात हो!" काका शांतपणे म्हणायचे, "तू पी. आम्ही खातो." माझी इरा तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. ती काकूंच्या कडेवरच वाढली.

बदली होऊन आम्ही नाशिकला परतलो. दर उन्हाळ्यात काकांचा फोन यायचा, "लिची आली. कधी येता?" आम्ही "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचो. सहा वर्षं अशीच गेली. त्यातल्या पाचव्या वर्षी, फेब्रुवारीच्या अखेरीस, काकू हृदयविकाराने गेल्या. बँकेत मार्चअखेरीची धांदल सुरू झालेली. मी फोनवर खूप रडले, "एप्रिलमध्ये येते" म्हणाले आणि गेले नाही. नंतर तर फोन करायचीही लाज वाटू लागली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात काकांचाच फोन आला, नेहमीसारखाच. "लिची आली. कधी येता?" त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, समीरने, तिकिटं काढली.

काका फाटकाशी उभे होते. वाळले होते, बाकी तसेच. काकूंचं नाव त्यांनी काढलं नाही, मलाही धीर झाला नाही. इरा त्यांना ओळखत नव्हती. तिच्याशी हात मिळवून ते म्हणाले, "मला तू आठवत असण्याची गरज नाही. उद्या नवीन ओळख करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला लोकलने बारुईपूरला घेऊन गेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची, शंकरबाबूंची, तिथे लिचीची बाग होती. वटवाघळांपासून जपायला झाडांवर जाळ्या टाकलेल्या आणि जाळ्यांच्या आत लालभडक घोस. मी फोटो काढायला धावले तशी काकांनी मला हटकलं. "घाई कसली? झाड काय पळून जातंय? आधी बस, मग बघ." आम्ही तळ्याच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग इरानेच हळूच बोट दाखवलं. समोरच्या बांबूवर निळाभोर खंड्या बसला होता. काका कुजबुजले, "तो केव्हाचा तिथेच आहे. आपण आत्ता आलो."

चारच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ शाईसारखं काळं झालं. "कालबैशाखी!" शंकरबाबू ओरडले. आम्ही ओसरीकडे पळालो. वारा असा सुटला की बागेच्या कडेच्या आंब्यांवरून कैऱ्या धबाधब पडू लागल्या. इरा माझा हात सोडून धावली. मी तिला हाक मारते आहे तोवर पंच्याहत्तरीचे काकाही तिच्यामागे! सदऱ्याचा ओचा करून दोघं भर पावसात कैऱ्या वेचत होते. "मास्टरमशाय, पडाल!" शंकरबाबूंनी विनवलं. काका तिकडूनच ओरडले, "पडलो तर मलाही वेच!"

परतताना बारुईपूर स्टेशनवर कळलं, विजेच्या तारेवर फांदी पडल्यामुळे गाड्या बंद आहेत. समीर वैतागला. काका बाकावर ऐसपैस बसले. "अडकलो म्हणजे पोहोचलो असं समजायचं," म्हणाले. समीर इराला घेऊन चहाच्या टपरीकडे गेला. आम्ही दोघंच उरलो. संध्याकाळ झाली होती, ओल्या फलाटावरून गार वारा येत होता. मी एकदम बोलून गेले, "काका, काकू गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं."

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे गं. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"हो, यायला हवं होतंस," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? मी तेरा दिवस फाटकाकडे बघत होतो. बेल वाजली की वाटायचं, इराला घेऊन आली."

मला रडू फुटलं. काकांचेही डोळे भरले. मग त्यांनी पिशवीतली लिची काढून सोलली आणि माझ्या हातावर ठेवली. "राग होता. पण राग ठेवायलाही घरात जागा लागते, आणि आमच्याकडे आधीच सामान फार. म्हणून फोन केला." मग ते काकूंबद्दल बोलू लागले. शेवटचे दिवस, दवाखाना, तिथेसुद्धा काकूंनी नर्सला मराठी कशी शिकवली ते. इरा परत आली आणि त्यांना टेकून ऐकत बसली. गाडी दोन तासांनी आली. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका पहाटे अभिजितचा फोन आला. अभिजित काकांचा मुलगा, कोलकात्याजवळच न्यू टाउनमध्ये नोकरीला. मराठी अडखळत बोलतो. "बाबा गेले," एवढंच म्हणाला. समीर कामानिमित्त परगावी होता. मी इराला उठवलं, मुंबई गाठली आणि मिळालं ते विमान पकडलं. बालीगंजला पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले होते. सगळं आटोपलं होतं.

अभिजितने दार उघडलं. आम्हाला बघून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. "ताई, हातपाय धुवा," तो म्हणाला. "शेजारच्या घोषकाकींनी भात पाठवला आहे. तुमचा झाकून ठेवला."

"आम्ही येतोय हे तुला कुणी सांगितलं? मी तर कळवलंही नाही."

"बाबांनी," तो शब्द जुळवत म्हणाला. "परवा दवाखान्यात म्हणाले, नाशिकचे येणार. लांबून येणार, उशीर होणार. त्यांना जेवायला ठेव."

मी इराला जवळ घेतलं. अभिजितने तीन पानं मांडली. आम्ही जमिनीवर बसून जेवलो.