बटण जागचे हलले नाही

मायबापहो, ऐकणे ही पहिली भक्ती, असे आम्ही आयुष्यभर कीर्तनात उभे राहून सांगत आलो. पण ऐकण्यातही अहंकार शिरतो, आणि शिरताना तो प्रामाणिकपणाचे कपडे घालून येतो. हे मला ज्यांच्यामुळे कळले, त्यांना सारे तराजू म्हणत.

स्पीकरच्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षे एकच काम केले. कपाटाच्या फळीवर मावतील असे लहान स्पीकर गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि कोणत्या जोडीचा स्वभाव काय, ते सांगायचे. "ही बडबडी आहे. ही गोड बोलते, पण खर्जात थापा मारते. ही न्या, घरात माणूस आल्यासारखं वाटेल." मालकाचा तोटा झाला तरी शब्द बदलत नसे. आणि नियम एकच: गाणे तेच, फळी तीच, खुर्ची तीच, जोडी बदलली तरी आवाजाचे बटण हलवायचे नाही. त्या न हललेल्या बटणावर त्यांची सारी प्रतिष्ठा उभी होती.

त्यांचा धाकटा भाऊ सुतार. दारे-खिडक्या बसवता बसवता, दादाच्या दुकानात ऐकता ऐकता, त्याला वेड लागले. दोन वर्षे सुट्टीचा एकही दिवस न घेता त्याने स्वतःची एक जोडी घडवली. कडा अशा घासलेल्या, की फिरवलेला हात थांबू नये. मालक म्हणाले, "तराजू हो म्हणाले, तर महिन्याला दहा जोड्या घेतो." दारे-खिडक्या सोडून हेच करायचे, एवढेच धाकट्याचे मागणे होते आणि ते दादाच्या एका 'हो'वर टांगलेले होते.

आधी दुकानातली जोडी वाजली. मग त्याची.

"दादा, भाऊ म्हणून सांगू नकोस हं."

"भाऊ म्हणून नाहीच सांगत. चेहरा उतरलेला आवाज आहे रे. गाणारी पाठ फिरवून उभी राहिल्यासारखी."

"बटण जरा पुढे नेऊन बघतोस?"

"कुणासाठी नेलं नाही, तुझ्यासाठी नेऊ?"

धाकटा हसला. "खरंय. लोक म्हणतील, भावासाठी तराजूनं काटा मारला." त्याने जोडी चादरीत गुंडाळली. जोडीच्या सामानाचे कर्ज फेडायला महिन्याभरात तो लाकूड कापण्याच्या कारखान्यात मोठ्या करवतीवर उभा राहिला.

वर्षे गेली. निवृत्तीनंतर एका दुपारी तराजू भावाच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच थबकले. आत कोणी बाई गात होती. इतक्या जवळून, की श्वास घेतलेला कळावा.

"पाहुण्या आल्यात का गं?" त्यांनी पुतणीला हळूच विचारले. "मी बाहेर बसतो. त्यांना थांबवू नकोस."

पुतणी खळखळून हसली. "कसल्या पाहुण्या, काका! बाबांचे स्पीकर आहेत. माळ्यावरून काढले. बटण जरा पुढे न्यावं लागतं, एवढंच."

एवढेच! त्या जोडीची घडणच अशी होती, की बटण तिथेच असता तिचा आवाज हळू निघे. आणि हळू आवाज माणसाच्या कानाला नेहमी निस्तेज वाटतो. खरी तुलना करायची, तर आधी दोघींचा आवाज सारखा करावा लागतो. बटण जागचे न हलवण्यालाच ते न्याय समजत राहिले, आणि तिथेच अन्याय घडला. सख्ख्या भावावर घडला.

धाकटा मागच्या अंगणात बसला होता.

"मी चुकलो रे!"

"आँ?"

"चुकलो म्हणतोय!"

"ओरडू नकोस. शेजाऱ्यांना वाटेल, वाटणीवरून जुंपलीय."

"तुझी जोडी दुकानातल्या सगळ्यांहून सरस होती. बटण पुढे न्यायला हवं होतं."

"मी म्हटलं होतं तसं," धाकटा म्हणाला. त्या शब्दांत रागाचा कणही नव्हता, आणि म्हणूनच ते सोसवेनात.

तराजूंनी त्याला हाताला धरून आत आणले, जोडीसमोर बसवले. त्याने लाकडाच्या कडेवरून बोट फिरवले. "करवतीनं वरचे सूर केव्हाच नेले, दादा. बोलणं ओठांवरून कळतं; गाण्यातला नुसता खर्ज, तोही हाताला. तू सांग ना, कशी गाते?"

एकतीस वर्षे परक्यांना आवाजाचे स्वभाव सांगणाऱ्या माणसाने बटण पुढे नेले.

"आता?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. आणखी पुढे नेले. खिडकीची काच थरथरू लागली.

"आता?"

"राहू दे, दादा," धाकट्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुला येतंय ना ऐकू?"