चाचे कोणाला म्हणता? : चेसापीकच्या काठी एका कप्तानाच्या घरी

प्रभाकरकाकांच्या लेकीने वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलहून फोन करून त्यांची ट्रिप कॅन्सल केली. त्याच संध्याकाळी काकांनी मला फोन करून ती पुन्हा ठरवली.

"वैदेही, मुलगी म्हणते या वयात एवढं ड्राइव्ह करायचं नाही. ठीक आहे, मी नाही करत. तू कर."

काका मूळचे नागपूरचे, हृदयरोगतज्ज्ञ. तरुणपणी अमेरिकेत आले आणि आता पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज गावातच निवृत्त झालेत. समुद्राशी त्यांचा जन्मजात संबंध शून्य, पण घराच्या तळघरात शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचा अख्खा ताफा उभा आहे. मी अलिबागची. समुद्र आमच्या परसात, आणि जहाजातलं मला ओ की ठो कळत नाही. अशी आमची जोडी.

काकांना बघायचं होतं कॅप्टन जोसाया वेदरबीचं घर. अठराव्या शतकातला हा आरमारी अधिकारी. चेसापीक उपसागराच्या पूर्व काठावर त्याचं जन्मगाव आहे आणि घराचं आता छोटं संग्रहालय झालंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. ३२२ नंबरच्या हायवेने हॅरिसबर्ग, तिथून ८३ ने बाल्टिमोर, मग ॲनापोलिसच्या बाजूने उपसागरावरचा लांबलचक पूल. बाल्टिमोरचा ट्रॅफिक टाळायचा तर सकाळी लवकर निघा. पुलाचा टोल फक्त जाताना लागतो आणि रोख घेत नाहीत. वाऱ्याच्या दिवशी पुलावर गाडी हलते. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते आणि काका खिडकीतून खाली बघत खुशीत म्हणत होते, "वा! काय पाणी आहे!"

पूल उतरला की सगळं सपाट होतं. मक्याची शेतं, मधेच खाडीचा एखादा फाटा, होड्या. मला रेवदंड्याकडचा रस्ता आठवला. जेवायला धक्क्यावरच्या टपरीवजा हॉटेलात थांबलो. खेकडे ताजे, फडफडीत, पण वर नुसता लालसर खारट मसाला भुरभुरवलेला. "याचा रस्सा केला असता तर," काका हळहळले. त्या एका बाबतीत नागपूर आणि अलिबागचं एकमत झालं.

वेदरबीचं घर दुमजली, लाकडी, पांढरं. तिकीट अगदी माफक, पार्किंग फुकट. माहिती सांगायला शेरिल नावाच्या बाई होत्या, साधारण साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. आमच्याबरोबर ओहायोहून आलेलं एक कुटुंब होतं.

शेरिलबाई गोष्ट छान रंगवत होत्या. कालवं गोळा करणाऱ्या गरीब माणसाचा हा पोरगा. बाप वादळात बुडाला. आईने शेतावर कामाला लावलं तर पठ्ठ्या पळाला आणि तंबाखूच्या जहाजावर चढून थेट लंडनला पोचला. तिथून इंग्रजांच्या व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून मुंबईच्या वाटेला लागला. माझे कान टवकारले.

"आणि मुंबईजवळ," शेरिलबाई दुसऱ्या खोलीतल्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "त्याला हिंदुस्थानी चाच्यांनी पकडलं. किनाऱ्यावरच्या त्यांच्या अड्ड्यात तो कैदेत होता."

पाटीवरही तेच होतं. चाचे. चित्रात जळती मशाल घेतलेला, दात विचकणारा माणूस. आमच्या अंगणातून जो जलदुर्ग दिसतो तसल्याच कुठल्यातरी किल्ल्याला या बाई अड्डा म्हणत होत्या!

मी हात वर केला. "माफ करा, ते चाचे नव्हते. मराठ्यांचं आरमार होतं ते."

काकांनी माझी बाही ओढली. मराठीत पुटपुटले, "कशाला वाद घालून राहिली तू? लेट इट गो."

शेरिलबाई गोड हसल्या. "पुढे जाऊ या का?"

पुढे गेलो. तिसरी खोली, स्वातंत्र्ययुद्ध. वेदरबी कैदेतून सुटून, मायदेशी परतून नव्या देशाच्या आरमारात अधिकारी झालाय. मोठ्या युद्धनौका त्याच्याकडे नाहीत. मग तो वारा पडायची वाट बघतो. शिडं लोंबली, इंग्रजांची जहाजं जागच्या जागी खिळली, की वल्ह्यांच्या छोट्या होड्या घेऊन त्यांच्या पिछाडीला जातो, जिथे त्यांच्या तोफा पोचत नाहीत.

आता बाही ओढणारा हात थांबला. काका काचेतल्या होडीच्या प्रतिकृतीकडे एकटक बघत होते.

"ही तर आपल्या गलबतांची चाल आहे," ते हळूच म्हणाले. "कोकणात शिकला बेटा."

आणि शेरिलबाई अभिमानाने सांगत होत्या, "इंग्रज त्याला चाचा म्हणायचे. अर्थात, तो होता एका स्वतंत्र देशाचा आरमारी अधिकारी!"

मी पुन्हा हात वर केला. या वेळी आवाजही वर गेला. "त्याच इंग्रजांनी आम्हालाही चाचे म्हटलं. आमच्या समुद्रातून जायला आमचा परवाना लागायचा, दस्तक म्हणायचे त्याला. दस्तक नसलं तर जहाज पकडायचे. या खोलीत तुम्ही इंग्रजांचा शब्द खोटा मानता, मग मागच्या खोलीत खरा कसा?"

ओहायोच्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. शेरिलबाईंचं हसू मावळलं. "मॅडम, इतरांना टूरचा आनंद घेऊ द्या. हवं तर तुम्ही बाहेर थांबू शकता."

मी काही बोलणार तेवढ्यात काका पुढे झाले. अर्धं आयुष्य या देशात काढलेला माणूस. रेस्टॉरंटमध्ये चुकीची डिश आली तरी निमूट खाणारा.

"ती बाहेर जाणार नाही," काका शांतपणे म्हणाले. "मीही जाणार नाही. मी या देशाचा नागरिक आहे, आणि तिने प्रश्न विचारलाय. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पण बाहेर जा म्हणू नका."

मग ओहायोचे गृहस्थ म्हणाले, "खरं म्हणजे मलाही ऐकायला आवडेल."

मग काय! काकांनी प्रतिकृतीच्या काचेवर बोट ठेवून तोफांची मोठी गुराब कशी, वल्ह्यांचं चपळ गलबत कसं, तोफा कुठे, वारा पडल्यावर कोणाची चलती, सगळं समजावून सांगितलं. मी मधेमधे अलिबागची भर घातली. शेरिलबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, पण निघून गेल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मला जे शिकवलंय ते मी सांगते. पाटी बदलणं माझ्या हातात नाही."

"कोणाच्या हातात आहे?" मी विचारलं.

त्यांनी एक नाव सांगितलं. परत आल्यावर मी तिथे ईमेल केली. 'विचार करू' असं दोन ओळींचं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं. अजून लिहितेय.

परतीच्या वाटेवर मी काकांना म्हटलं, "तुम्ही तर लेट इट गो म्हणत होतात."

काकांनी खिडकीची काच खाली केली. "म्हणत होतो खरा. इथे आल्यापासून तेच म्हणत आलोय. आधी व्हिसासाठी, मग नोकरीसाठी, मग मुलांच्या शाळेसाठी. आता कशासाठी म्हणू?"

जायचं असेल तर जरूर जा. ऑक्टोबरात हवा सुरेख असते, खेकडेही मिळतात. नकाशात धुंडाळलंत तर गाव सापडेल. मी नाव देत नाही, कारण शेरिलबाईंना कोणी ऑनलाइन शिव्या घालाव्यात अशी माझी इच्छा नाही. भांडण पाटीशी आहे. दुसऱ्या खोलीत ती अजून तशीच आहे. तुम्हीही हात वर करा.

गेल्या आठवड्यात काकांना औषधं आणायला घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखी हाक मारली, "हाय, पॅट!" इतकी वर्षं ते या नावाला ओ देत आलेत.

"प्रभाकर," काका म्हणाले. "घाई नाही मला. म्हणून बघ."

तिला तिसऱ्या खेपेला जमलं. तोवर काका काउंटरवरून हलले नाहीत.